वाफ्यात कोण येत होतं

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्या दिवसापासून अंगारा, धुपारा, उतारा, मुंज्या, हडळ हे सगळं घराबाहेर काढलं गेलं, आणि ते परत आत आणायची पुढे कोणाची हिंमत झाली नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की आई माझ्या हातात कंदील देऊन म्हणायची, "जाय, पाहून ये, कोन हाय तं." मी जायची. कोणी नसायचं. या शिक्षणाचा मला पुढे फार गर्व झाला. सायन्सला गेल्यावर तर विचारूच नका. घरातली प्रत्येक गोष्ट मी तपासून घ्यायची, आणि आई म्हणायची, "हिच्या नाकावर राग अन् जिभेवर मास्तर."

हे अशासाठी सांगतेय की ज्या वर्षी आमच्या विहिरीजवळच्या वाफ्यात माझा मेलेला भाऊ येत होता, त्या वर्षी त्याला काय म्हणायचं हेच आम्हाला कळत नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं असतं तर त्यांनी भगत बोलावला असता, लिंबू कापलं असतं आणि मोकळे झाले असते. आमच्याकडे ती सोय नव्हती.

आमचं गाव घाटंजीकडचं. सगळी कपाशी. पूर्वी कपाशीच्याच तासांत बायका अंबाडी, बरबटी, काकडी टोचून ठेवायच्या आणि वेचणीला गेलं की ओटी भरून भाजी घरी यायची. मग कपाशीचं बी बदललं, औषधं वाढली, आणि त्या शेतातली काकडी तोडून खायची कोणाची छाती होईना. भाजी बाजारातून यायला लागली. वहिनी लग्न होऊन आली ती महागावकडून, नदीकाठच्या भाजीवाल्यांच्या घरातून. आल्या आल्या तिने विचारलं, "इहिरीत पानी हाय, मंग तुमी वांगे इकत कायले आनता?" 

विहिरीच्या थारोळ्याखाली जमिनीचा एक पट्टा रिकामा पडून होता. तो तिने मागून घेतला. वाफा करणं म्हणजे माती उकरून बांध घालणं, असं मला वाटायचं. तिचं तसं नव्हतं. काळी माती आधी ओली करायची, वाफसा आला की कुदळीने उलथायची, ढेकळं हाताने फोडायची, त्यात जुनं शेणखत आणि चुलीची राख चाळून घालायची. रोपासाठी जमिनीपेक्षा वीतभर उंच गादी करायची, म्हणजे पाणी साचून मुळं सडत नाहीत. मग काडीने रेघा ओढायच्या आणि बी टाकून वर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा विरळ मांडव. माझा भाऊ बांधावर बसून तिची थट्टा करायचा. "माह्यासाठी कधी अशी गादी घातली नाई तुनं." ती लाजायची नाही. "तुमी उगवून दाखवा, मंग घालतो," म्हणायची.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बादलीने पाणी घातलं की कोवळं रोप आडवं होतं, अशी तिची तक्रार होती. त्या सुमारास भावाने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माजलेल्या गाजरगवतासाठी तणाचं औषध मारलं होतं आणि त्याची पांढरी प्लॅस्टिकची कॅन रिकामी झाली होती. आमच्या भागात औषधाच्या कॅनला मरण नाही. कोणी त्यात डिझेल ठेवतं, कोणी परसाकडे नेतं, कोणी बियाणं भरतं. भावाने ती मातीने घासली, विहिरीच्या पाण्याने खळखळून धुतली, सायकलची तार तापवून झाकणाला भोकं पाडली आणि झारी करून तिच्या हातात दिली. "घे. लग्नातला तुहा आहेर राह्यला होता." ती झारी तिने त्या वर्षी वापरलीच नाही. बी उगवायच्या आधीच तो गेला.

पोळा झाल्यावर कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. तिच्यात शिरून फवारणी करायची म्हणजे औषध आपल्याच अंगावर घ्यायचं. वारा पडलेला, अंगाला चिकटणारी हवा. संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "डोयाले अंधुक दिसून राह्यलं." यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्यासारखे कितीतरी होते. त्याच्या हाताची बोटं आत वळायची. वहिनी खाटेशेजारी बसून ती एकेक सरळ करायची, ती पुन्हा वळायची, ती पुन्हा सरळ करायची. तेवढंच काम तिला दवाखान्यात उरलं होतं. शेवटी बोटं वळलेलीच राहिली.

वहिनी रडली नाही. बायकांनी तिला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, कारण असा कोरडा माणूस घरात असला की सगळ्यांनाच अवघड होतं. ती स्वयंपाक करायची, कापूस वेचायला जायची, विचारलं तेवढं बोलायची. गादीवाफा वाळून भेगाळला. झारी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला लटकत राहिली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस ती एका सकाळी उठली आणि कुदळ घेऊन विहिरीवर गेली. आम्हाला इतका आनंद झाला की बाबांनी कधी नव्हे ते स्वतः शेणखताची टोपली उचलून नेली. टमाटर, वांगी, मिरची आणि एका कडेला कांदा असं बी पडलं. उगवण चांगली झाली. रोप बोटभर झालं, चार पानांवर आलं, तेव्हा तिने खुंटीवरची झारी काढली.

त्यानंतर आठवडाभरात ते सुरू झालं. टमाटराचे शेंडे खाली वाकले. देठांना पीळ पडला, पानं निमुळती होऊन आत वळली. मग मिरचीची, मग वांग्याची. मी मास्तरकी केली. कोकडा आहे, किडीमुळे होतो, निंबाचं पाणी मारा, राख टाका. निंबाचं पाणी झालं, राख झाली. पानं वळतच राहिली. वहिनीने काहीच केलं नाही. संध्याकाळी, गुरं परतायच्या वेळेला, ती वाफ्याशी बसायची आणि एकेक पान दोन बोटांत धरून सरळ करायची.

एकदा मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ती बोलत होती. आज बाबांनी बैलाच्या खुरांना पत्री मारून आणली, आईचा गुडघा दुखून राह्यला, ताईची परीक्षा लांबली. घरातली साधी खबरबात. पान सोडलं की ते पुन्हा वळायचं आणि ती हसायची. "आयकत नाई न तुमी." वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी आवाज न करता परत फिरले. विहिरीपासून घर काही लांब नाही, पण त्या दिवशी ते अंतर मला पार करवेना.

आईनेही पाहिलं असणार. कारण दोनच दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "तिच्या भावाले निरोप धाडा. घेऊन जा म्हनाव तिले माहेरी." वहिनी ताट धुवायला बाहेर गेली होती, तिने ऐकलं. आत येऊन एवढंच म्हणाली, "मी नाई जात." आणि चुलीपुढे बसली. आई तिच्याकडे न बघता बाबांना म्हणाली, "हा बाजार सोडून पुढच्या बाजाराच्या दिवशी या म्हना."

माझं डोकं फिरलं. आई परसात धान्य पाखडत होती, तिथे जाऊन मी तिला गाठलं. "नवरा गेला, रोप गेलं, म्हणून ती पांढऱ्या पायाची ठरली का? याच्यासाठी शिकवलं का मला? आजोबा असते तर..."

"हळू बोल," आई म्हणाली. "तिचे पाय पांढरे का काळे, मले काय करायचं हाय. पोरीसारखी पोरगी हाय ते."

"मग कायले हाकलतेस?"

आईने सूप खाली ठेवलं. "तो तिले न्याले येऊन राह्यला."

"कोण?"

"डोये असून पाह्यत नाईस तू? दवाखान्यात त्याचे बोटं कशे वळले होते? तशेच वळते ते पानं. ते सरळ करते, ते वळते. त्याच्याशी बोलते ते. एक दिवस उठून जाईन त्याच्या मागं. इहीर तिथंच हाय."

"आई, आपण हे मानत नाही."

"मी कुठं मानतो म्हनून राह्यली?" आई म्हणाली. "पन तो येते."

उत्तर नसलं की मला राग येतो, तसा तो आला, पण त्या रागाच्या खाली भीती होती हे मी सरळ सांगते. त्या दिवसापासून मी संध्याकाळी विहिरीकडे जायचं टाळू लागले, लांबूनच बघायची. आई घरातून वाफ्याकडे बघत बसायची. बाबा पानसुपारी खायची सोडून विहिरीवरच्या कडूनिंबाखाली जाऊन उभे राहत. तिघंही पहारा ठेवत होतो, पण वहिनीवर की त्याच्यावर, ते एकमेकांना विचारत नव्हतो. वहिनी मात्र त्या दिवसांत सुखात होती. केस विंचरायची, धुवट लुगडं नेसून वाफ्यावर जायची.

बाजाराचा दिवस जवळ येत होता. वहिनी आपल्या पायांनी जाणार नव्हती, तिला ओढून जीपमध्ये बसवावं लागलं असतं. आणि न्यायचं नाही म्हटलं तर आईला डोळ्याला डोळा लागत नव्हता. ज्या घरात तिला राहायचं होतं त्या घरात ती राहील की नाही, हे आता त्या वाफ्यावर ठरणार होतं.

एका संध्याकाळी तिला आईने दळणाला बसवलं आणि पाणी घालायला मी गेले. झारी भरून उचलली, पहिल्या वाफ्यावर वाकले आणि वास आला. माझ्या भावाचा वास. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्याच्या सदऱ्याला, केसांना, जेवताना त्याच्या हाताला जो औषधाचा वास यायचा, तोच. अगदी जवळून, जणू तो माझ्या खांद्यावरून वाकून रोप पाहत होता. मागे वळून पाहायची हिंमत होईना. "कोन हाय?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं, आईने लहानपणी शिकवलं होतं तसं. कोणी बोललं नाही. झारी कलली, तिच्यातलं पाणी पायावर सांडलं, आणि वास वाढला.

तेव्हा मी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नाक लावून हुंगलं. वर्षभर झाकण लावून टांगलेल्या कॅनच्या कोपऱ्यांत, मुठीच्या पोकळीत ते औषध मुरून बसलं होतं. मग मला कांदा दिसला. तोच वाफा, तेच पाणी, आणि कांद्याची पात ताठ उभी होती, एकही वळलेली नाही. गेल्या वर्षी बाबा भावावर चिडले होते ते आठवलं, की तुझ्या औषधानं धुऱ्यावरचं गाजरगवत गेलं अन् हरळी तशीच माजली. रुंद पानाचं मारायचं आणि गवताच्या जातीचं सोडायचं, हाच त्या औषधाचा गुण होता. कांद्याची पात गवतासारखीच, म्हणून वाचली.

पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. मी शेजारणीकडून टमाटराची निरोगी रोपं आणली, तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत लावली आणि गुरांच्या कोठ्यामागे ठेवली. एका डब्याला लोट्याने पाणी, एकाला झारीने. वहिनीला म्हटलं झारी गळते, थोडे दिवस लोट्यानेच घाल. रोज सकाळी मी आधी ते डबे बघायची आणि मग तोंड धुवायची. तिसऱ्या-चौथ्या सकाळी झारीच्या डब्यातल्या रोपाने मान टाकली. मग देठाला पीळ पडला. मग पानं आत वळली. इतका आनंद मला कुठल्या परीक्षेत झाला नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी दोन्ही डबे अंगणात आणून ठेवले आणि सगळ्यांना बोलावलं. समजावून सांगितलं. गाजरगवत, हरळी, कांदा, सगळं. बाबांनी झारी हातात घेतली, हुंगली, आणि कुऱ्हाड आणायला गेले. आई दोन डब्यांकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिला पटलं. पटताना मी तिचा चेहरा पाहिला, छातीवरचा धोंडा कोणीतरी काढून घ्यावा तसा तो सैल झाला. तिने वहिनीला जवळ ओढलं. "राह्य तू आता. कुठी जातं. आपलं घर हाय."

वहिनी डबे पाहत होती. तिने वळलेल्या पानाला हात लावला नाही.

त्याच दिवशी बाबांनी वाफ्यांची वरची माती खरवडून गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकली. दुसऱ्या बाजूला आम्ही नवे वाफे केले. दुसऱ्या दिवशी वहिनीचा भाऊ ठरल्याप्रमाणे आला, पण येताना आमच्या सांगण्यावरून घाटंजीच्या बाजारातून रोपांच्या जुड्या घेऊन आला. आई त्याला म्हणाली, "बरं झालं आलात. जेवा, राहा, अन् एकटेच जा." सगळे हसले. घरात वर्षभरानंतर हसू आलं होतं, आणि ते मी आणलं होतं. मी तोऱ्यात होते.

ऊन कललं तेव्हा लावणीला बसलो. मुळं शेणकाल्यात बुडवायची, खुरप्याने खाच करायची, रोप पहिल्या पानापर्यंत मातीत घ्यायचं आणि बुंध्याशी अंगठ्याने दाबायचं, म्हणजे आत पोकळी राहत नाही. वहिनी पुढे, मी तिच्या मागे लोट्याने पाणी घालत. तिचा हात यंत्रासारखा चालत होता. एक सरी झाली, दुसरी झाली. शेवटच्या सरीच्या मध्यावर ती थांबली.

"ताई, पक्कं न? त्या कॅननंच झालं ते?"

"पक्कं. तू पाहिलंस ना डब्यात."

"पाह्यलं." तिने एक रोप उचललं, पुन्हा जुडीत ठेवलं. "म्हंजे तो नोता येत."

मी सायन्सची मुलगी. मी म्हटलं, "नाही वहिनी. कोणी नव्हतं."

"एकदाही नाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. आजही वाटतं, एवढ्या एका प्रश्नाला बोलता आलं असतं. पण खरं तेच होतं, आणि मी मान हलवली. उरलेली सरी तिने पूर्ण केली, एकही रोप वाकडं लावलं नाही. दांडाच्या पाण्यात हात धुतले, आणि ते ओले हात तसेच तोंडावर घेऊन ती रडायला लागली. जे रडणं बायकांना वर्षभर तिच्याकडून काढता आलं नव्हतं ते सगळं. आई घरातून धावत आली, काय झालं म्हणून मला विचारू लागली. मी काय सांगणार?

सकाळी तिची पिशवी भरलेली होती. तिचा भाऊ गोंधळून दारात उभा. आईने पिशवी धरली. "अवो, आता कायचं भेव? काल तं समजलं न सगळं."

"समजलं म्हनून तं जातो, आई," वहिनी म्हणाली. "तो येत होता तवर रायली मी. आता इथं कोनाची वाट पाहू?"

आईची पकड सुटली. वहिनी तिच्या पाया पडली, बाबांच्या पडली, माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत मी माझ्यावरचा राग शोधला, तो नव्हता. रस्त्यावर जीप थांबली, तिचा भाऊ मागे लटकला, ती आत बसली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही फाट्यावर उभे होतो.

परत येताना आई विहिरीशी आल्यावर थांबली. नवी रोपं रात्रीतून उभी राहिली होती, पानं ताठ, हिरवी, एकूण एक सरळ. चांगली लागली म्हणावी अशी लावणी. आई त्यांच्याकडे खूप वेळ पाहत होती, प्रत्येक सरीवरून तिची नजर फिरली, पुन्हा पहिल्या सरीवर आली.

"मले भेव वाटत होतं त्याचं," ती म्हणाली. "पन होता तं सही."

मग ती घराकडे गेली. मी लोटा घेतला आणि रोपांना पाणी घातलं.